दत्ता वकील कुणाचा?

वसमतच्या हळद बाजारात दत्ता वकिलाचं घर विचारलं तर कुणीही बोट दाखवील. पण हा दत्ता खरंच वकील आहे का, असं विचारून बघा. चार माणसं चार उत्तरं देतील. कोर्टाची पायरी तो चढत नाही. काळा कोट त्याच्या अंगावर कित्येक वर्षांत कुणी पाहिलेला नाही. सकाळी गावाबाहेरच्या हळद कारखान्यात जातो, मशीनवर अंगठा टेकवून हजेरी लावतो आणि काचेच्या खोलीत बसून दिवसभर वाचतो. काचेवर हळदीची पिवळी धूळ, शेजारी पॉलिशच्या ड्रमांचा खडखडाट. आता ह्याला वकिली म्हणायचं? त्याच्या गावचे म्हातारे तर म्हणत नाहीत. ते त्याला कारकून म्हणतात, आणि कारकुनाच्या आधी 'शिकलेला' हा शब्द लावतात, म्हणजे टोमणा पुरता बसतो.

दत्तप्रसाद हे त्याचं कागदावरचं नाव. आखाडा बाळापूरच्या पलीकडल्या एका खेड्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बाप मसाजी, आई भागाबाई, दोघांची हयात मेंढरांमागं गेली. घराण्यात पहिला वकील झाला तेव्हा सगळ्या भावकीला वाटलं, आता आपला माणूस कोर्टात उभा राहणार, आपल्या बाजूनं बोलणार. काही वर्षं तो उभा राहिलाही, कळमनुरीच्या कोर्टात. मग कारखान्याची नोकरी धरली. आणि पगारी नोकरी धरली की वकिलाला सनद बाजूला ठेवावी लागते, कुणाचंही वकीलपत्र घेता येत नाही. हे त्यानं बापाला नीट समजावून सांगितलं होतं. मसाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी डॉक्टर हाईस, पण सुई टोचायची न्हाई?" दत्ताला हसू आलं.

कारखान्याचे मालक उत्तमराव. एका कढईवर हळद शिजवण्यापासून त्यांनी सुरुवात केली, आणि त्यांच्या लेखी वकील म्हणजे आग लागल्यावर बोलवायचा बंब. मग त्यांची मुलगी वैष्णवी पुण्याहून शिकून आली. तिनं कारभार हातात घेतला आणि बापाला म्हणाली, "बाबा, आग लागूच नये म्हणून कुणी घरात बसायला नको का?" त्या बसण्यासाठी दत्ताला आणलं. पहिल्यांदा त्याचं काम तारखा सांभाळण्याचं होतं. बाहेरच्या वकिलांना कागद पोचवायचे, न वटलेल्या चेकांच्या केसेसचा माग ठेवायचा, एवढंच. पण धंदा बदलला तसं कामही बदलत गेलं. पुडीवर 'शुद्ध' लिहायचं की नाही, हे त्याला विचारल्याशिवाय छापत नाहीत. निवडणीच्या बायांच्या तक्रारी कुणी ऐकायच्या, शेतकऱ्यांच्या आधार कार्डाचे फोटो कुणाच्या मोबाइलात राहू द्यायचे, परदेशातलं गिऱ्हाईक जाडजूड प्रश्नपत्रिका पाठवतं तिच्यात खरं किती लिहायचं, सगळं त्याच्या टेबलावरून जातं. अलीकडं तर करारसुद्धा कंप्युटरच लिहून देतो. वैष्णवी चेष्टेनं म्हणायची, "वकीलसाहेब, आता तुमचं काय काम उरलं?" तो म्हणायचा, "ताई, ह्यातलं काय खोडायचं ते सांगायला कुणीतरी लागतंच की." ती हसायची, पण खोडलेलं पुन्हा घालायची नाही.

भावकीला ह्यातलं काही दिसत नव्हतं. भावकीला आठवत होती ती फक्त प्रभूतात्यांची केस.

प्रभूतात्या म्हणजे मसाजीचे चुलतभाऊ, सगळ्या मेंढक्यांत वडीलधारे. काही वर्षांमागं एका बागाईतदारानं त्यांच्यावर केस केली होती, मेंढरं मोसंबीच्या बागेत घुसली म्हणून. तात्यांनी दत्ताला खरं ते सांगितलं होतं, "घुसली होती बाबा, माझा डोळा लागला होता." दत्तानं ते पोटात ठेवलं. मेंढरं कुणाच्या कळपातली हे त्या बागाईतदाराला सिद्ध करता आलं नाही आणि केस निकाली निघाली. ह्यात न्याय किती झाला, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तेव्हापासून तात्या ज्याला त्याला सांगत सुटले, "वकिलाच्या पोटात घातलं की संपलं. बायकोला सांगू नये ते वकिलाला सांगावं." पुढं दत्तानं सनद ठेवून दिली, हे तात्यांच्या कानावर गेलं असेलही. पण कानावर जाणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

आता गेल्या उन्हाळ्याची गोष्ट.

कंपनीनं काही गावांतल्या शेतकऱ्यांशी विषमुक्त हळदीचा करार केला होता. फवारणी करायची नाही, रासायनिक खत टाकायचं नाही, आणि त्या बदल्यात कंपनी सगळा माल चढ्या भावानं घेणार. प्रत्येक पोत्यावर शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी. बाळापूरकडल्या एका तांड्यावरचा गोपीचंद त्यातला सगळ्यात काटेकोर माणूस. वावरात तणनाशक नको म्हणून घरच्या सगळ्यांना खुरपायला लावणारा. आणि नेमकी त्याचीच हळद तपासणीत नापास झाली. तिच्यात कीटकनाशक सापडलं. कंपनीचा माणूस तांड्यावर गेला, खोपीतला फवारणीचा पंप उचलून आणला, तपासला, तर पंपातही तेच औषध. मग बोलायला काय राहिलं?

तांड्यावरच्या मंदिरासमोर शेतकऱ्यांच्या गटाची बैठक झाली. दत्ताही गेला होता. गोपीचंदनं सगळ्यांसमोर लेकरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली, "म्या पंप हातात धरला न्हाई. वरसभरात न्हाई." कुणी वर बघितलं नाही. कारण करारच तसा होता. एकानं नियम मोडला आणि कबूल केलं नाही तर अख्खा गट विषमुक्त मालाच्या यादीतून बाहेर, कबूल केलं तर तो एकटाच. ज्यांच्याबरोबर त्याचं रोजचं उठणं-बसणं, ती माणसं जमिनीकडं बघत बसली. एक जण हलकेच म्हणाला, "कबूल करून टाक ना गोप्या, निदान आमचं तरी बघ." गोपीचंदचा चेहरा तेव्हा असा उतरला की दत्ताला तिथं बसवेना.

गोपीचंदच्या गटाला यादीतून काढल्याचं पत्र लिहायचं काम दत्ताचंच. वैष्णवीनं आठवडाभराची मुदत दिली. दत्ताला मनातून वाटत होतं, हा माणूस खोटं बोलत नाही. पण वाटण्यावर कागद चालत नाही. त्यानं मजकूर अर्धा लिहिला आणि रविवारी आईबापाला भेटायला गावाकडं गेला.

दुपारी प्रभूतात्या आले. ह्या घरांची एक रीत आहे. वडीलधारं माणूस घरी आलं की आधी जेवण. जेवताना मुद्द्याचं काही काढायचं नाही. हात धुवून झाले, सुपारी फोडली, की मग ते बोलणार, आणि ते बोलत असताना त्यांचं बोलणं संपेपर्यंत मधी तोंड घालायचं नाही. घातलं तर पोराला काय शिकवलंस, हा प्रश्न बापाला विचारला जातो. तात्यांनी भाकरी-पिठलं खाल्लं, हात धुतले, सुपारी फोडली. मसाजी मेंढरांना पाणी दाखवायला गेला होता. भागाबाई चुलीकडं होती. तात्या दत्ताजवळ सरकून बसले आणि म्हणाले, "दत्ता, तुला एक गोष्ट सांगतो. पोटात ठेव."

इथंच चुकलं.

पुण्याला वैष्णवीनं त्याला एका शिबिराला पाठवलं होतं. कंपनीच्या वकिलानं चौकशीला बसताना पहिलं वाक्य कोणतं म्हणायचं, हे तिथं शिकवलं होतं: मी कंपनीचा वकील आहे, तुमचा नाही, तुम्ही सांगाल ते कंपनीला कळेल. हे वाक्य त्यानं ड्रायव्हरांना ऐकवलं होतं, हमालांना, गोदामाच्या मुकादमाला ऐकवलं होतं. कधी जीभ अडखळली नव्हती. पण बापाच्या घरात, बापापेक्षा वयानं मोठ्या माणसानं तोंड उघडलेलं असताना, आपल्या हातानं त्याचं तोंड बंद करायचं? आणि दत्ताला वाटलं, असेल काहीतरी सोयरिकीचं. तो गप्प बसला.

"गोपीचंदच्या वावरात आमचीच मेंढरं बसली होती," तात्या म्हणाले.

मेंढरं बसणं म्हणजे काय, ते ह्या भागात सांगावं लागत नाही. पीक निघालं की शेतकरी मेंढक्याला बोलावतो, मेंढरं मुक्कामाला वावरात बसवतो, लेंड्यांनी जमीन ताकदीची होते आणि मेंढक्याला त्याबद्दल धान्य मिळतं. गोपीचंदनं हळद काढली, शिजवली, आणि वावराच्या कडेला ताडपत्रीवर वाळत घातली. मोकळ्या वावरात तात्यांचा कळप.

"गोचीड लई झाले होते," तात्या सांगत होते. "मेंढरं खंगून राहिली होती. गोपीचंद सोयऱ्याकडं लग्नाला गेलेला. त्याचा पंप खोपीत दिसला. औषध आमच्यापशी होतं. कालवलं आन् मारलं मेंढरांवर. मारता मारता वारं सुटलं. हळद तिथं बाजूलाच. मला तवा सुचलंच न्हाई बाबा. पंप होता तिथं ठेवला आन् पुढं गेलो."

"त्याला सांगितलं न्हाई?"

"सांगणारच होतो. तेवढ्यात कळलं, कंपनी तापली त्याच्यावर. मग जीभ उचलंना."

"मग मला काहून सांगून राहिले, तात्या?"

तात्यांना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तू वकील हाईस न्हवं आपला? कुठंतरी बोलावं तर लागतं. बघ, आता जरा बरं वाटून राहिलं." आणि ते खरोखर उठले, धोतर झटकलं, भागाबाईला 'पिठलं झकास झालं होतं' म्हणाले आणि गेले. त्यांच्या मनावरचा भार त्यांनी उतरवून ठेवला होता, आणि तो कुठं ठेवला ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

दत्ता वसमतला परत आला तो तोंडाची चव गेल्यासारखा. कोर्टातला वकील असता तर प्रश्नच नव्हता. अशिलाचं गुपित सांभाळायला कायदाच त्याच्या पाठीशी उभा असतो. पण तो आता कोर्टातला नव्हता. त्याचा अशील एकच, कंपनी. आणि कंपनीला जे कळायला हवं ते त्याच्या पोटात होतं. सांगितलं तर काय होईल, तेही त्याला दिसत होतं. वैष्णवी उद्याच्या उद्या करारात कलम घालणार, विषमुक्त हळदीच्या वावरात मेंढरं बंद. बाळापूरपासून औंढ्यापर्यंत कंपनीचे शेतकरी पसरलेले. उन्हाळ्यात मेंढरं बसवायची कुठं? तात्यांचा कळप, बापाचा कळप, सगळ्या भावकीचे कळप रस्त्यावर येणार. आणि ते आणले कुणी, तर दत्तानं. वकिलाला विश्वासानं सांगितलं आणि वकिलानं मालकाला जाऊन सांगितलं, एवढंच सगळे लक्षात ठेवणार.

नाही सांगितलं तर? तर गोपीचंद लबाड ठरणार. आणि तसं ठरवणाऱ्या पत्रावर सही दत्ताची.

बायको अंजली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्यापासून त्यानं काही लपवलं नाही. तिनं सगळं ऐकलं, मग म्हणाली, "कंपनीला तुम्ही आहात. तात्यांनाही तुम्हीच आहात. गोपीचंदला कोण आहे?"

"त्यालाच कुणी न्हाई," दत्ता म्हणाला.

"मग विचार कसला करताय?"

बोलायला सोपं होतं. तिची भावकी नांदेडकडली. दत्ताला तिचा रागही आला, आणि रागात तो बराच वेळ पंख्याकडं बघत पडून राहिला. पण ती चुकीचं बोलली नाही, हे त्याला पटलं होतं, म्हणूनच राग आला होता.

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता त्यानं मोटारसायकल काढली आणि तात्यांना गाठायला निघाला. तात्यांचा कळप तेव्हा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या कडेनं चरत होता. तात्या बाभळीखाली बसले होते, मांडीवर एक लंगडं कोकरू. दत्ताला बघून त्यांना आनंद झाला. बाटलीतलं पाणी पुढं केलं.

"तात्या, मी तुमाला तवाच थांबवायला पाहिजे होतं," दत्ता म्हणाला. "ते माझं चुकलं. मी आता तुमचा वकील न्हाई. कंपनीचा हाय. तुमी सांगितलं ते मला तिथं सांगावं लागणार."

तात्या कोकराच्या पायावरून हात फिरवत राहिले. "मोसंबीच्या वेळंला न्हाई सांगितलंस."

"तवा मी तुमचा होतो."

"आन् आता?"

दत्ता त्यांच्याजवळ उकिडवा बसला. म्हणाला, "तुमी स्वतः चला. माझ्यासंगं. तुमी बोललात तर इज्जत ऱ्हाईल. चूक झाली, मुद्दाम केली न्हाई. मी तुमच्या बाजूला बसतो."

"माझ्या बाजूला, का कंपनीच्या?" तात्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखर समजून घ्यायचं होतं त्यांना. मग त्यांनीच मान हलवली. "मी येत न्हाई बाबा. मी तिथं जाऊन बोललो तर सगळ्या मेंढक्यांवर बोल यील, का म्हातारा स्वतः जाऊन मेंढरं बंद करून आला. तुला सांगायचं तर सांग. तुझं तू बघ." मग दत्ता गाडीला किक मारत असताना मागून म्हणाले, "जेवून आलास का?" दत्तानं हो म्हटलं. तो जेवला नव्हता.

त्यानं सांगितलं. वैष्णवीच्या खोलीत, उत्तमराव समोर बसलेले असताना, पंप कुणी उचलला, औषध कशासाठी, वारं कसं सुटलं, सगळं. उत्तमरावांनी चष्मा काढून ठेवला.

"कळलं कसं तुम्हाला?" वैष्णवीनं विचारलं.

"ज्यांनी मारलं त्यांनीच सांगितलं. माझे चुलते आहेत."

वैष्णवीनं वडिलांकडं बघितलं. मग वैष्णवी समजुतीच्या सुरात म्हणाली, "त्यांचं नाव लिहायलाच पाहिजे असं नाही. अज्ञात व्यक्तीकडून, एवढं पुरे. तुमच्या घरचं आहे."

मनात आणलं असतं तर दत्ता तिथं सुटला असता. खरं सांगायचं तर त्याला मोह झाला. पण अज्ञात व्यक्ती लिहिलं की तांड्यावरची माणसं काय म्हणणार, ते त्याला ऐकू येत होतं: गोप्यानं वकिलाला पटवलं. "नाव लिहावं लागंल ताई," तो म्हणाला. "नाही तर त्याच्यावरचा डाग जात नाही."

मग जे व्हायचं तेच झालं. वैष्णवीनं नव्या हंगामाच्या कराराचा मसुदा कंप्युटरवर काढला, आणि त्यात ते कलम होतंच: कराराच्या शेतात कोणतंही जनावर येऊ दिलं जाणार नाही. तिनं ते वाचून दाखवलं आणि दत्ताकडं बघितलं. दत्ता म्हणाला, "ताई, हे खोडा."

"का?"

"खत बंद केलंय आपण. मग ती जमीन कशावर चालते, कधी विचारलंय का कुणी? मेंढरांवर चालते. मेंढरं बंद केली की हळदीचं पीक बसणार, आणि पीक बसलं की शेतकरी चोरून खताची पोती टाकणार. आज एक पंप सापडला. तेव्हा तुम्हाला काहीच सापडणार नाही, आणि माल मात्र दरसाल नापास होईल."

"हे तुम्ही कंपनीचे वकील म्हणून बोलताय, का घरचे म्हणून?"

"दोन्ही. घरचं बाजूला काढून बघा, तरी उत्तर तेच येतं." आणि मग त्यानं स्वतःच खुर्ची मागं सारली. "पण नातं आहे म्हटल्यावर ठरवताना मी इथं बसणं बराबर नाही. तुम्ही दोघं ठरवा." तो बाहेर हळदीच्या पोत्यांपाशी जाऊन उभा राहिला. तिथं तो पोत्यावरची एकच चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होता, हे निवडणीच्या बायांनी पाहिलं आणि एकमेकींना खुणावलं.

बापलेकीनं बराच वाद घातला. शेवटी कलम खोडलं गेलं. त्या जागी आलं ते असं: हळद वावरातून उचलली जाईपर्यंत तिथं जनावरांवर औषध मारायचं नाही, गोचिडाचं औषध कंपनीचा डॉक्टर वावराबाहेर फुकट देईल. उत्तमराव बाहेर येऊन दत्ताला म्हणाले, "एका वर्षासाठी. पुन्हा असं झालं तर तुमचंही ऐकणार नाही." दत्ता हो म्हणाला. कंपनीतली ही त्याची सगळ्यात मोठी जीत, आणि तिची बातमी द्यायला भावकीत त्याच्याकडं माणूस नव्हता.

तांड्यावर जाऊन गटासमोर सगळं त्यानंच सांगितलं, तात्यांचं नाव घेऊन, आणि गट यादीत राहिल्याचंही. ज्यांनी मान खाली घातली होती ते आता मोठमोठ्यानं बोलायला लागले, आपल्याला आधीच वाटलं होतं म्हणून. गोपीचंदनं डोळे पुसले. आभार वगैरे मानले नाहीत, आणि का मानावेत? त्यानं फक्त विचारलं, "तात्या स्वतः काहून आले न्हाईत?"

पुढं तात्या स्वतः गेले. कुणी सांगितलं नाही, बोलावलं नाही. एक नवी घोंगडी घेऊन गोपीचंदच्या दारात गेले, त्याच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, चुकलं. त्या हंगामात त्यांनी त्याच्या वावरात धान्य न घेता मेंढरं बसवली. आज दोघं एका ताटात जेवतात. कळप ठरल्याप्रमाणं फिरतात, डॉक्टर येतो, औषध देतो, चहा पिऊन जातो. मेंढरं कुठंच बंद झाली नाहीत. भावकीतले दोन-चार शहाणे तर म्हणायला लागले, दत्तानं बरोबर केलं. मसाजीनंही एकदा, मेंढीच्या खुरातला काटा काढता काढता, वर न बघता म्हटलं, "गोपीचंद वाचला, हे बेस झालं."

तात्या दत्ताशी अबोला धरतील, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. भेटले की पोरांची चौकशी, पाठीवर हात, जेवलास का, सगळं पहिल्यासारखं. दत्ता हळूहळू निर्धास्त झाला. मनात म्हणाला, आपण उगंच भ्यालो.

दिवाळी उलटून गेल्यावर एका रविवारी तो गावी गेला तर बापाच्या घरात माणसं जमलेली. तात्यांच्या धाकट्या लेकीचं सासरी बिनसलं होतं. काय ते नीट कुणी सांगेना, पण प्रकरण साधं नव्हतं. लेक माहेरी येऊन बसली होती आणि आत भागाबाईच्या कुशीत तोंड लपवून होती. दत्ताला ते बघून वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं, कारण असल्या बाबतीतला कायदा त्याला पाठ होता. आता आपण उपयोगी पडू. त्यानं चपला काढल्या आणि बापाशेजारी सतरंजीवर बसला.

तात्यांचं जेवण झालं. हात धुतले. सुपारी फोडली. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. तात्या बोलायला लागणार तेवढ्यात त्यांची नजर दत्तावर गेली.

"दत्ता," ते म्हणाले, "तू जरा बाहीर बस बाबा."

दत्ताला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले. त्यानं बापाकडं बघितलं. मसाजी सतरंजीची दोरी बोटाला गुंडाळत होता.

"राग मानू नको," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज इतका मायेचा होता की त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तरी चाललं असतं. "तुह्या कानावर पडलं तर उद्या तुला कुठंतरी सांगावं लागंल. तुला तकलीफ. आन् तू काही खोटं बोलणारा न्हाईस, ते मला ठावं हाय."

"तात्या, हे घरचं हाय. कंपनीचा संबंध न्हाई ह्यात."

"ते तुला कळतं. आमाला कसं कळावं, कशात कंपनी हाय आन् कशात न्हाई?"

खोलीतल्या एकाही माणसानं 'राहू द्या त्याला' म्हटलं नाही. दत्ता उठला, बाहेर आला आणि ओट्यावर बसला. केलं ते बरोबर केलं होतं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करील, ह्याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती, आणि तरी त्याला रडू आवरत नव्हतं.

आत बोलणं सुरू झालं. ही सगळी रानात जन्म काढलेली माणसं, एका माळावरून दुसऱ्या माळावर हाका मारणारी. घरात बसून बोलली तरी शेजारच्या आळीत ऐकू जातं. दत्तानं जन्मापासून ह्या घरात कुणाला हळू बोललेलं ऐकलं नव्हतं. आज ती आत कुजबुजत होती.